शर्यत फ्रान्सची, बोली शहरांची

२०२२ची टूर द फ्रान्स कोपनहेगनमधून सुरू झाली. २०२३ची बिल्बाओतून, २०२४ची फ्लॉरेन्समधून. २०२५चं वर्ष फ्रान्समधल्या लिल शहराच्या वाट्याला आलं. २०२६साठी पुन्हा बार्सिलोना ठरलं आणि २०२७साठी एडिंबरा. सहा वर्षांचा हिशोब मांडला तर फ्रान्सची ही राष्ट्रीय शर्यत पाच वेळा फ्रान्सच्या बाहेरून निघते आहे. नावात देश आहे, पण पहिली रेषा दुसऱ्याच देशात आखलेली. हे कसं आणि का घडतं, याचं कुतूहल मला बरेच दिवस होतं. त्याचा माग काढताना लक्षात आलं की हा विषय सायकलीइतकाच पैशाचा आहे आणि पैशाइतकाच राजकारणाचा.

या सुरुवातीला फ्रेंचमध्ये ‘ग्रां देपार’ म्हणतात. मराठीत त्याला ‘महाप्रस्थान’ म्हणायची सोय नाही, त्याचा अर्थ भलताच होतो. तर ही सुरुवात म्हणजे एका सकाळी झेंडा दाखवण्यापुरता कार्यक्रम नसतो. संघ काही दिवस आधीच येऊन राहतात. खेळाडूंची सार्वजनिक ओळखपरेड होते. मग दोन-तीन दिवस त्या देशातच टप्पे होतात. खेळाडू पावणेदोनशेच्या आसपास. पण त्यांच्यासोबत मेकॅनिक, मालिशवाले, डॉक्टर, पत्रकार, कॅमेरे, हेलिकॉप्टर आणि जाहिरातींच्या गाड्यांचा मोठा ताफा असा सगळा लवाजमा असतो. हॉटेलं भरतात. हेलिकॉप्टरमधून शहराचा नदीकाठ, जुनी देवळं, पूल, बागा जगाला दिसतात. शहरं मोल देतात ते प्रामुख्याने या चित्रासाठी.

शर्यतीची मालकी अमोरी स्पोर्ट ऑर्गनायझेशन या खासगी कंपनीकडे आहे. ‘लेकिप’ हे फ्रान्सचं प्रसिद्ध क्रीडा दैनिकही याच अमोरी समूहाचं. दरवर्षी शेकडो गावं आणि शहरं या कंपनीला पत्रं पाठवतात, ‘आमच्याकडे या’ म्हणून. फ्रान्समधलं छोटं गाव टप्प्याच्या सुरुवातीसाठी किंवा शेवटासाठी जी रक्कम मोजतं, तिच्या कितीतरी पट रक्कम परदेशी शहराला ग्रां देपारसाठी मोजावी लागते. त्यावर बंदोबस्त, रस्तेदुरुस्ती आणि प्रसिद्धीचा खर्च वेगळा.

वर्तमानपत्राचा खप आणि एक जुनं भांडण

‘खेळात राजकारण आणू नका’ असं म्हणणाऱ्यांनी या शर्यतीचा जन्म एकदा पाहावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्स ड्रेफस प्रकरणाने दुभंगला होता. आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आरोप ठेवून त्याला शिक्षा झाली होती. ‘ल व्हेलो’ या क्रीडा दैनिकाचा संपादक पिएर जिफार ड्रेफसच्या बाजूने उभा राहिला. त्याचा राग येऊन काउंट द दियों आणि इतर उद्योगपतींनी १९०० साली प्रतिस्पर्धी दैनिक काढलं. आधी त्याचं नाव ‘लोतो-व्हेलो’ होतं. कोर्टात नावाचा दावा हरल्यावर ते ‘लोतो’ झालं. खप वाढेना, तेव्हा संपादक आंरी देग्रांज याच्यापुढे जेओ लफेव्हर या तरुण सहकाऱ्याने एक अचाट कल्पना ठेवली : अख्ख्या फ्रान्सला वळसा घालणारी सायकल शर्यत.

१ जुलै १९०३ रोजी पॅरिसजवळच्या माँजराँ इथून साठ जण निघाले. सहा टप्पे, २,४२८ किलोमीटर. शेवटपर्यंत पोचले एकवीस. मोरिस गारां जिंकला आणि वर्तमानपत्राचा खप वाढला. म्हणजे भांडण राजकीय, हेतू व्यापारी आणि माध्यम सायकल. आज शहरं जी बोली लावतात, तिच्यातही या तीनही गोष्टी शाबूत आहेत.

पहिली पन्नास वर्षं शर्यत फ्रान्समधूनच निघत राहिली. १९५४मध्ये ती पहिल्यांदा बाहेरून, ॲम्स्टरडॅममधून निघाली. पहिला टप्पा जिंकला तोही वाउट वाख्तमान्स या डच खेळाडूने. त्यानंतर ब्रसेल्स, कलोन, शार्लरोआ, फ्रँकफर्ट, बाझल अशी यादी वाढत गेली. १९८७मध्ये शर्यत पश्चिम बर्लिनमधून निघाली. शहराला ७५० वर्षं झाली होती आणि चारी बाजूंनी भिंत उभी होती. खेळाडूंनी भिंतीच्या आत सायकल चालवली आणि मग विमानाने पश्चिम जर्मनीत जाऊन शर्यत पुढे सुरू केली. शहर जगाला सांगत होतं, आम्ही इथे आहोत, आम्हाला विसरू नका. २००७मध्ये लंडनने ७ जुलै ही तारीख साधली. दोन वर्षांपूर्वी त्याच दिवशी शहरात बॉम्बस्फोट झाले होते. त्याच रस्त्यांवर लोक निर्भयपणे उभे आहेत, हे दाखवायचं होतं.

यातले काही हेतू मला मनापासून पटतात. अलीकडच्या यजमानांकडे पाहा. बास्क प्रदेश, कॅटलोनिया, स्कॉटलंड, यॉर्कशर. यातल्या बहुतेकांना स्वतःची भाषा किंवा निदान स्वतःची बोली आहे, झेंडा आहे, वेगळेपणाचा अभिमान आहे. मात्र संयुक्त राष्ट्रसंघात खुर्ची नाही. बिल्बाओच्या चढांवर दुतर्फा उभ्या माणसांनी बास्क झेंडे फडकावले आणि ते जगभर दिसले. राजधानीची परवानगी न मागता आपली ओळख सांगायची ही सनदशीर रीत आहे. तिला नाव ठेवायचं कारण मला दिसत नाही.

खुशी खरी, हिशोब अर्धा

सगळ्यात गाजलेला ग्रां देपार म्हणजे २०१४चा यॉर्कशर. त्यासाठी एडिंबराही उत्सुक होतं. ते तेव्हा हरलं आणि आता २०२७मध्ये त्याची पाळी येते आहे. यॉर्कशरमध्ये लोकांनी जुन्या सायकली पिवळ्या रंगवून घरांवर, कुंपणांवर, दुकानांवर टांगल्या. लीड्सपासून हॅरोगेटपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी यॉर्कपासून शेफिल्डपर्यंत रस्त्याच्या कडेला माणसांची भिंत उभी होती. या शर्यतीला तिकीट नसतं. घरातून खुर्ची आणायची, डबा आणायचा आणि जगातले सर्वोत्तम खेळाडू हाताच्या अंतरावरून जाताना पाहायचे. फुटबॉलच्या विश्वचषकात गरीब माणसाला हे सुख मिळत नाही. त्या तीन दिवसांची खुशी कुणी खोटी म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूचा नाही.

पण खुशी आणि हिशोब या दोन गोष्टी आहेत. यजमान संस्थांनीच करवून घेतलेल्या अहवालाने शर्यतीचा आर्थिक फायदा १२.८ कोटी पौंड सांगितला. असे आकडे कसे तयार होतात ते समजून घेतलं पाहिजे. प्रेक्षकाने त्या दिवशी खर्च केलेला पैसा मोजला जातो. तोच प्रेक्षक एरवी त्या शनिवारी आपल्या गावात काय खर्च करणार होता, ते बहुधा वजा होत नाही. जुलैत हॉटेलं तशीही भरली असती का, हे विचारलं जात नाही. रस्ता बंद म्हणून ज्या दुकानदाराने शटर ओढलं, त्याचा तोटा कुठल्या रकान्यात जातो, ते शोधावं लागतं. ज्याला शर्यत आणायची होती त्यानेच ती फायद्याची होती असा अहवाल द्यावा, ही पद्धत कुठल्याही देशात संशयास्पद आहे.

पुढे काय झालं? यॉर्कशरने आपली स्वतःची शर्यत सुरू केली, ‘टूर द यॉर्कशर’. ती २०१५ ते २०१९ चालली, मग बंद पडली. टूर द फ्रान्स आणणारी ‘वेलकम टू यॉर्कशर’ ही पर्यटन संस्था २०२२मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. याचं खापर शर्यतीवर फोडणं चूक होईल, मधे महामारीही होती. पण ‘वारसा’ हा शब्द बोली लावताना जितक्या सहज वापरला जातो, तितका तो टिकत नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

याच्या उलट दोन प्रसंग मला जास्त शिकवणारे वाटतात. २०१७ची सुरुवात लंडनला व्हायची जवळजवळ ठरली होती. करारावर सही होण्याच्या तोंडावर, २०१५मध्ये, लंडनने माघार घेतली. खर्च साडेतीन कोटी पौंड होता आणि हा पैसा इतर सायकल योजनांना द्यावा असं शहराच्या वाहतूक यंत्रणेचं म्हणणं होतं. आयोजकांचा हिरमोड झाला, टीकाही झाली. पण सार्वजनिक पैसा सांभाळणाऱ्याने एकदा तरी ‘परवडत नाही’ म्हणायचं धाडस दाखवलं.

ती संधी मग जर्मनीच्या ड्युसेलडॉर्फला मिळाली. तिथे महापौर उत्साही होते, पण शहर परिषद दुभंगलेली होती. मतदान झालं आणि प्रस्ताव अवघ्या एका मताने मंजूर झाला. पुढे खर्च अंदाजापेक्षा वाढला, त्यावरून वादही झाले. तरीही मला हे प्रकरण आवडतं. विरोधकांना बोलायला जागा मिळाली, प्रत्येक सदस्याला हात वर करून आपली बाजू सांगावी लागली आणि नंतर जाब विचारायला माणसं समोर होती. एका मताने मंजूर झालेली शर्यत ही बंद दाराआड एकमताने आणलेल्या शर्यतीपेक्षा कधीही स्वच्छ.

चित्र कुणाचं, चौकटीबाहेर कोण

फ्रान्सची शर्यत जी गोष्ट करते, तीच इटलीची ‘जिरो द इतालिया’ करते. अथेन्स, ॲम्स्टरडॅम, बेलफास्ट, बुडापेस्ट अशा शहरांतून ती निघालेली आहे. २०२५मध्ये ती अल्बानियातल्या दुरेसहून निघाली. ९ ते ११ मे असे तीन दिवस टप्पे झाले. त्यातल्या ११ मे या दिवशीच अल्बानियाच्या संसदेसाठी मतदान होतं. हा योगायोग मानायचा की नाही, ते वाचकांनी ठरवावं. एकीकडे टीव्हीवर निळा समुद्र आणि नवे रस्ते, दुसरीकडे मतदानाची रांग. सत्ताधाऱ्यांना याहून चांगली जाहिरात विकत मिळणं कठीण.

मात्र बोलीच्या या व्यवहारातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं उदाहरण २०१८चं आहे. त्या वर्षी जिरोची सुरुवात जेरुसलेममधून झाली. युरोपातल्या तीन मोठ्या शर्यतींपैकी एखादी युरोपच्या बाहेरून निघण्याची ती पहिलीच वेळ. इस्रायलच्या स्थापनेला सत्तर वर्षं होत होती. सिल्व्हन ॲडम्स या कॅनडाहून आलेल्या उद्योगपतीने त्यासाठी मोठा आर्थिक वाटा उचलला. शहराची पूर्व बाजू १९६७पासून इस्रायलच्या ताब्यात आहे आणि बहुतेक जग ते विलीनीकरण मानत नाही. आयोजकांनी मार्ग जाहीर करताना ‘पश्चिम जेरुसलेम’ असा शब्द लिहिला. भूगोलाच्या दृष्टीने तो बरोबरच होता, कारण मार्ग पश्चिम भागातूनच जात होता. इस्रायलच्या दोन मंत्र्यांनी पाठिंबा काढून घेण्याची धमकी दिली. आयोजकांनी तातडीने ‘पश्चिम’ शब्द खोडला.

माझ्या दृष्टीने त्या शर्यतीचा खरा निकाल त्या दिवशीच लागला. पैसे देणाऱ्याला नकाशावरचा एक शब्द बदलता येतो, हे सिद्ध झालं. ज्या आयोजकांनी ‘आम्ही फक्त खेळाचे’ म्हणून हात वर केले होते, त्यांनी तो शब्द खोडून एक राजकीय भूमिका घेतली. कुणी त्यांना भूमिका घ्यायला सांगत नव्हतं. आहे तो शब्द तसाच ठेवला असता तर पुरलं असतं.

ती सुरुवात जिनो बार्ताली या थोर इटालियन सायकलपटूच्या स्मृतीला वाहिलेली होती. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण बार्तालीचं मोठेपण निर्विवाद आहे. दुसऱ्या महायुद्धात त्याने सायकलच्या नळीत बनावट ओळखपत्रं लपवून शेकडो किलोमीटर नेली आणि ज्यूंचे प्राण वाचवायला मदत केली. त्याबद्दल तो जन्मभर फारसा बोलला नाही. २०२४ची टूर त्याच्या फ्लॉरेन्समधून निघाली तेव्हा त्या भूमीचा आणि त्या आठवणीचा धागा सरळ होता. अशा माणसाचं नाव घ्यायचा अधिकार सगळ्यांनाच आहे. पण कुठल्याही सरकारने आपल्या आजच्या धोरणाला पांघरूण म्हणून ते वापरावं, हे त्याच्या आयुष्याशी जुळत नाही.

कारण त्याच वेळी चौकटीबाहेर दुसरा एक सायकलपटू होता. गाझाचा अला अल-दाली. आशियाई स्पर्धांमध्ये उतरायची तो तयारी करत होता. ३० मार्च २०१८ रोजी सीमेवरच्या निदर्शनांत इस्रायली सैनिकाची गोळी त्याच्या पायाला लागली आणि पाय कापावा लागला. बरोबर पाच आठवड्यांनी, ४ मे रोजी, जेरुसलेममध्ये जिरोचा पहिला खेळाडू निघाला. तिसऱ्या टप्प्यात शर्यत बीर शेव्हाहून दक्षिणेकडे एलातला गेली. हेलिकॉप्टरच्या कॅमेऱ्याने वाळवंट दाखवलं, गाझा दाखवलं नाही. अला पुढे एका पायाने सायकल चालवायला शिकला आणि त्याने ‘गाझा सनबर्ड्स’ हा अपंग सायकलपटूंचा संघ उभा केला. शर्यत जी जमीन दाखवते त्या जमिनीवर कोण सायकल चालवू शकतो आणि कोण नाही, हा प्रश्न आयोजकांना विचारायलाच हवा. न विचारलेले प्रश्न पुढे रस्त्यावर येतात. सप्टेंबर २०२५मध्ये स्पेनच्या ‘वुएल्ता’ शर्यतीत इस्रायलच्या नावाने धावणाऱ्या संघाविरुद्ध निदर्शनं इतकी वाढली की माद्रिदमधला शेवटचा टप्पा अर्ध्यावर सोडून द्यावा लागला.

दुसऱ्या दिवशीचा रस्ता

मग शर्यत बोलवूच नये का? माझं म्हणणं तसं नाही. ती कुठे शोभते ते पाहायला हवं. २०१५मध्ये नेदरलँड्सच्या उत्रेख्तमधून टूर निघाली. २०१०साठी हे शहर रॉटरडॅमकडून हरलं होतं, पण चिकाटी सोडली नाही. या देशात १९७१ साली रस्ते अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसं मेली होती, त्यांत चारशेवर मुलं. आईबाप ‘मुलांच्या हत्या थांबवा’ म्हणत रस्त्यावर उतरले आणि त्या रेट्यातून सायकलींचे वेगळे मार्ग उभे राहिले. आज उत्रेख्तच्या रेल्वे स्थानकाखाली साडेबारा हजार सायकली लावायची सोय आहे. कोपनहेगनचंही तसंच. तिथे शाळेत, कचेरीत, बाजारात माणसं सायकलनेच जातात. अशा शहरात टूर येते ती पाहुणी म्हणून. शहराने तिच्या आधी आणि तिच्याविना आपलं काम केलेलं असतं.

आपल्याकडेही हा विषय आता परका राहिलेला नाही. मुंबई–पुणे सायकल शर्यत आणि तिच्यातला ‘घाटाचा राजा’ आपल्या आधीच्या पिढ्यांना ठाऊक आहे. जानेवारी २०२६मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय मान्यतेची ‘पुणे ग्रँड टूर’ झाली. त्यासाठी मार्गावरचे रस्ते गुळगुळीत करण्यात आले. आनंदच आहे. पण ज्या पुण्याची ओळख एकेकाळी सायकलींचं शहर अशी होती, तिथल्या कामगाराने, दूधवाल्याने, शाळकरी मुलीने आज सायकल कुठून चालवायची? परदेशी खेळाडू येणार म्हणून खड्डा बुजतो आणि रोज जाणाऱ्यासाठी तो वर्षानुवर्षं तसाच राहतो, याचा अर्थ खड्डा बुजवता येत होता. युरोपातल्या शहरांना जे प्रश्न विचारायचे, तेच इथेही लागू आहेत.

ते प्रश्न तीन आहेत. करार जनतेला वाचायला मिळतो का? निर्णय लोकप्रतिनिधींच्या मतदानाने झाला का? आणि शर्यतीवर जितका खर्च झाला, तितका रोजच्या सायकलस्वारासाठी ठेवला का? तीनही उत्तरं ‘हो’ असतील तर खुशाल रस्ते बंद करा, मीही टाळ्या वाजवीन.

शेवटी एक गोष्ट, जी मला या सगळ्या बोलीत खटकत राहते. २०२४च्या टूरचा तिसरा टप्पा इटलीतल्या तुरीनमध्ये संपला. तो जिंकला इरिट्रियाच्या बिनियाम गिर्मायने. टूरमध्ये टप्पा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी. त्याने त्या वर्षी तीन टप्पे आणि हिरवी जर्सी मिळवली. इरिट्रियात सायकल इटालियन वसाहतवाद्यांनी आणली आणि लोकांनी ती आपली करून टाकली. तिथली राष्ट्रीय शर्यत १९४६ साली सुरू झाली होती. अस्मारा या राजधानीत शर्यत म्हणजे सण असतो.

टूर आजवर युरोपबाहेरून एकदाही निघालेली नाही. अंतर, प्रवास, खेळाडूंची विश्रांती ही कारणं खरी आहेत. पण त्याहून मोठं कारण असं की बोलीत प्रेमाला किंमत नसते, पैशाला असते. ज्या शहराला सायकलीचं वेड आहे पण तिजोरी नाही, त्याला पत्र पाठवायलाही जमत नाही. ज्याच्याकडे तिजोरी आहे, त्याला वेड तीन दिवसांपुरतं भाड्याने आणता येतं. गिर्माय जिंकला त्या रात्री अस्मारात लोक रस्त्यावर उतरून नाचले. त्यासाठी त्यांच्याकडून कुणी फी घेतली नव्हती आणि त्यांचं शहर दाखवायला वर हेलिकॉप्टरही नव्हतं.